पाठीवरचे सात टाके आणि चौदा रात्री

माझ्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या फऱ्यालगत, सहा वर्षांपासून एक गाठ होती. आपल्याकडे अशा गाठीला सर्रास चरबीची गाठ म्हणतात, परंतु माझ्या गाठीत चरबी नव्हतीच. त्वचेचाच एक थर आत वळून त्याची पिशवी तयार होते आणि तिच्यात केरॅटिन नावाचा घट्ट, पिठूळ पदार्थ साठत जातो, असे सर्जनांनी मला कागदावर चित्र काढून समजावले. पिशवी अखंड निघाली नाही तर गाठ पुन्हा होऊ शकते, आणि ती सुजलेली असताना पिशवी अखंड काढणे अवघड जाते. म्हणून फेब्रुवारीत ती लाल होऊन ठणकू लागली तेव्हा आधी सूज उतरू द्यावी असे ठरले, आणि शस्त्रक्रिया एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, नागपूरचा पारा ४२ अंशांवर गेलेला असताना, रामदासपेठेतील एका दवाखान्यात झाली.

शस्त्रक्रियेविषयी फार सांगण्यासारखे नाही. पालथे झोपवून भूल दिली, ते इंजेक्शन काही क्षण झोंबले, आणि त्यानंतर वेदना नव्हती, फक्त कोणीतरी पाठीची त्वचा ओढते आहे एवढे जाणवत राहिले. अर्ध्या तासात सारे आटोपले. गाठ दीड सेंटिमीटरची असताना चीर मात्र चार सेंटिमीटरची निघाली, याचे मला आश्चर्य वाटले. गोल छेद तसाच शिवला तर दोन्ही टोकांना त्वचेच्या घड्या उभ्या राहतात, म्हणून छेद पानाच्या आकाराचा, दोन्हीकडे निमुळता घ्यावा लागतो, असे उत्तर मिळाले. आत विरघळणारे टाके आणि वर नायलॉनचे सात टाके घालून, पट्टी चिकटवून, मला घरी सोडण्यात आले. काढलेली गाठ तपासणीला गेली आणि आठवड्याने आलेला तिचा अहवाल निर्धोक होता.

हातात दिलेल्या कागदावर गोळ्यांची नावे होती, ४८ तास पट्टी भिजू देऊ नये असे लिहिले होते आणि टाके काढण्याची तारीख होती. चेहऱ्यावरचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात, पण पाठीची त्वचा जाड असते आणि हाताच्या प्रत्येक हालचालीबरोबर ताणली जाते, म्हणून तिथे दोन आठवडे थांबावे लागते. झोपावे कसे, कोणत्या कुशीवर, अंगात काय घालून, याविषयी मात्र त्या कागदावर एकही ओळ नव्हती, आणि मलाही ते विचारण्याचे सुचले नाही. याची रुखरुख मला आजही आहे. दिवसा आपण जखम सांभाळतो, पाठ कशाला टेकू देत नाही, हात जपून उचलतो. पण रात्रीचे सात-आठ तास शरीर आपल्या ताब्यात नसते, आणि जखमेवर भार पडतो तो नेमका त्याच तासांत. झोपेची तयारी हा जखमेच्या काळजीचाच भाग आहे आणि ती शस्त्रक्रियेच्या आधी करून ठेवायला हवी, हे मला पहिल्या रात्री चूक करूनच कळले.

त्या रात्री दोन चुका झाल्या. पहिली गोळीची. भूल देताना औषधात अॅड्रिनलिन मिसळलेले असते; त्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी वाहते आणि बधिरपणाही अधिक वेळ टिकतो. दुपारी अडीचला दिलेली भूल संध्याकाळी साडेसहापर्यंत पुरली. बधिरपणा जाण्याआधीच पॅरासिटामॉलची ६५० मिलिग्रॅमची गोळी घ्या, असे मला बजावून सांगितले होते, पण काही दुखत नसताना गोळी कशाला, असे म्हणून मी ती टाळली आणि साडेदहाला जेव्हा घेतली तेव्हा दुखणे चांगलेच चढलेले होते. दुखणे एकदा चढले की गोळीचा गुण यायला वेळ लागतो, आणि तो वेळ अंथरुणात मोजावा लागतो. घरात आयबुप्रोफेनच्या गोळ्या होत्या, परंतु त्या जातीच्या गोळ्यांनी रक्त गोठण्यात अडथळा येऊ शकतो म्हणून त्या न घेण्याची सूचना होती, ती मी पाळली.

दुसरी चूक अंथरुणाची. मी डाव्या कुशीवर झोपायचे ठरवले, पण ठरवणे आणि झोपेत तसे राहणे यांत मोठे अंतर आहे. माणूस रात्रीतून कितीतरी वेळा कूस बदलतो आणि सकाळी त्याला त्याची आठवणही नसते. पाऊण वाजता मी पाठीवर आले आणि टाक्यांवर भार पडताच कळवळून जागी झाले. पट्टीवर रुपयाच्या नाण्याएवढा लाल डाग दिसत होता. अॅड्रिनलिनचा अंमल ओसरला की आकसलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा उघडतात, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत रक्त पाझरण्याचा संभव त्यामुळे अधिक असतो. माझ्या मुलीने स्वच्छ गॉझची जाड घडी पट्टीवर ठेवून, घड्याळ समोर धरून, पंधरा मिनिटे तळहाताने दाबून धरली. मध्ये एकदाही उचलून पाहिले नाही, कारण उचलले की नुकतीच धरू लागलेली गुठळी सुटते. रक्त थांबले. सकाळी दवाखान्यात फोन केला तेव्हा जे केले ते योग्यच होते, मात्र तेवढ्याने थांबले नसते तर रात्रीच फोन करायला हवा होता, असे त्यांनी सांगितले. चादर जुनी घातली होती आणि तिच्याखाली टॉवेल होता, म्हणून निदान गादी वाचली.

सकाळी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “तुले रातभर झोप नाही लागली ना वं? थांब, आपण अंथरूण नीट लावू.” त्या ७८ वर्षांच्या आहेत, घरातल्या तीन बाळंतपणांची आणि सासऱ्यांच्या दीर्घ आजाराची सेवा त्यांनी केली आहे, आणि आजाऱ्याचे अंथरूण कसे असावे हे त्यांना हातांनी ठाऊक आहे. त्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी मिळून जी रचना केली तीच, थोड्या फेरफाराने, शेवटपर्यंत टिकली, म्हणून ती सविस्तर सांगते.

पहिला प्रश्न पाठीवर वळण्याचा होता. एक चादर घट्ट गुंडाळून तिची लोळी केली आणि ती माझ्या मागे, कमरेपासून मांड्यांपर्यंत लावली. ती खांद्यापर्यंत न्यायची नाही, हे महत्त्वाचे आहे. तशी नेली तर तीच जखमेला घासते. कमर वळली नाही तर वरचे धडही सहसा वळत नाही, त्यामुळे खालचा अडसर पुरतो.

दुसरा प्रश्न मला स्वतःला कधी सुचला नसता. डाव्या कुशीवर झोपले की उजवा हात आपोआप पुढे, गादीवर पडतो; हात पुढे पडला की खांद्याचा फरा पुढे सरकतो, आणि फऱ्यावरची त्वचा ताणून टाके ओढले जातात. म्हणजे जखमेवर भार नाही तरीही दुखते, आणि का दुखते ते कळत नाही. पहिल्या रात्री उरलेला सगळा वेळ माझे तेच झाले होते. सासूबाईंनी छातीसमोर एक जाड उशी उभी ठेवून तिच्यावर माझा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत टेकवायला लावला, आणि त्याच क्षणी पाठीतली ओढ सैल झाली. उशीची उंची अशी हवी की वरचा हात खांद्याच्या पातळीत राहील, खाली लोंबणार नाही. पाठीच्या वरच्या भागावर टाके असलेल्या कोणालाही मी सर्वांत आधी हीच एक गोष्ट सांगेन.

तिसरा प्रश्न मानेचा निघाला, तो दोन रात्रींनंतर. एकाच कुशीवर सलग झोपल्याने डावा खांदा बधिर व्हायचा, कान दुखायचा आणि मान आखडायची. डोक्याखालची उशी पातळ होती. कुशीवर झोपताना मान आणि गादी यांच्यातली जागा खांद्याच्या रुंदीएवढी असते आणि ती भरून निघाली नाही तर मान रात्रभर वाकडी राहते. आमच्याकडे सरकीच्या कापसाची टणक उशी होती, ती खाली घेतली आणि तिच्यावर सासूबाईंची सावरीच्या कापसाची उशी ठेवली. सावरीची बोंडे एप्रिल-मे महिन्यांत फुटतात आणि म्हातारीच्या केसांसारखा तलम कापूस वाऱ्यावर उडू लागतो. रामटेकजवळच्या त्यांच्या माहेरी तो वेचून उशा भरत असत, आणि ही उशी त्यांच्या आईने भरलेली आहे. सावरीचा कापूस सुती कापसासारखा गोळा होत नाही, डोके ठेवले की त्या आकाराने दबतो, त्यामुळे कानावरचा भार गेला. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक लहान उशी ठेवली की कमरही वळत नाही. एकूण चार उशा आणि एक लोळी एवढा हा संसार होता, म्हणून हे पाच रात्री बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपले. झोपेत त्यांचा हात माझ्या पाठीवर पडण्याची धास्ती त्यामुळे मिटली.

इतर आसनेही मी करून पाहिली. पोटावर झोपल्याने जखमेला काहीच होत नाही, पण मान एका बाजूला पूर्ण वळवावी लागते आणि तासाभरात ती धरते. छातीखाली पातळ उशी घेतली तर थोडे सुसह्य होते, एवढेच. आरामखुर्ची पायावरच्या किंवा चेहऱ्यावरच्या जखमेला उत्तम असेल, पण पाठीच्या जखमेला तिचा उपयोग नाही. गोधड्यांच्या दोन घड्या घालून, मध्ये जखमेपुरती पोकळी ठेवून उताणे झोपण्याचा प्रयत्नही केला; पोकळीच्या कडांवर त्वचा ताणली जाते, म्हणून तो पंधरा मिनिटांत सोडून दिला.

अंथरुणातून उठणे हाही एक वेगळा धडा होता. उजवा तळहात गादीवर रेटून उठण्याची जन्माची सवय असते आणि त्या रेट्याने फऱ्याभोवतीचे सारे स्नायू आवळले जातात. मी आधी दोन्ही पाय पलंगाखाली सोडायचे आणि मग डाव्या कोपरावर जोर देऊन उठायचे. पाण्याचा तांब्या, गोळी, मोबाइल हे सगळे डाव्या हाताला, खांद्याच्या उंचीच्या खाली ठेवले, म्हणजे अर्धवट झोपेत उजवा हात उंच जाण्याची वेळच येत नव्हती.

कपड्यांची अडचण बायकांना विशेष आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. आतल्या कपड्याचा पट्टा नेमका त्या जागेवरून जातो, आणि डोक्यातून घालायचा गाऊन घालताना हात वर करावाच लागतो. मी दोन आठवडे यांचे जुने, धुऊन मऊ झालेले सुती सदरे घातले, पुढून पूर्ण उघडणारे. घालताना आधी उजवा हात बाहीत घालायचा, मग डावा. काढताना याच्या उलट. हा क्रम दवाखान्यातल्या परिचारिकेने निघतानिघता सांगितला होता आणि तो रोज उपयोगी पडला.

आता नागपूरच्या उन्हाळ्याविषयी. रात्री दहालाही भिंती तापलेल्या असतात, आणि घामाने पट्टीच्या कडा सुटतात, चिकटपट्टीखाली पुरळ येते. आमच्याकडे कुलर आहे. कोरड्या हवेत ओल्या ताटीतून येणारा वारा चांगला गार होतो, म्हणून विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत कुलरच कामी येतो. परंतु तो वारा दमट असतो आणि थेट पाठीवर घेतला तर पट्टी ओलसर होते, असा मला तिसऱ्या रात्री अनुभव आला. मग कुलरचे तोंड पायांकडे वळवले, समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवली, कारण दमट हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर खोली चिकट होते, आणि छताचा पंखा मंद ठेवला. झोपण्याआधी ओल्या पंचाने मान, काखा आणि हातपाय पुसून घेतले की अंगाची काहिली शमते आणि पट्टीला पाणी लागत नाही. मच्छरदाणी डाव्या हाताने खोचता येईल अशी बांधली.

पहिले ४८ तास झाल्यावर पट्टी काढून अंघोळ करायला परवानगी मिळाली. पाणी पाठीवरून वाहू द्यायचे, चोळायचे नाही, स्वच्छ कापडाने टिपून घ्यायचे, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यायचा आणि नवी पट्टी लावायची. सासूबाईंचा आग्रह होता की रात्री तरी जखम उघडी ठेवावी, वारा लागला की ती लवकर सुकते, आणि वर हळद लावावी. लहानपणापासून मीही हेच ऐकत आले होते. पण सर्जनांनी सांगितले की कोरडी खपली धरलेल्या जखमेपेक्षा ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर सरकते. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या त्वचेवरील प्रयोगांतून हे दाखवले आणि जखमेच्या पट्ट्यांचा विचारच त्यानंतर बदलला. मला पटले ते आणखी साध्या कारणाने. उघड्या जखमेची खपली रात्री चादरीला चिकटते आणि कूस बदलताना उचकटते. हळद मी दुधातून घेतली, जखमेवर लावली नाही, आणि आईंचा मानही राहिला.

तिसऱ्या रात्रीनंतर दुखणे झपाट्याने कमी झाले आणि गोळी फक्त झोपताना लागू लागली, पाचव्या रात्रीनंतर तीही नाही. मी झोपेची गोळी मागितली होती, ती मिळाली नाही. गाढ गुंगीत पाठीवर वळले तर जागही येणार नाही, हे कारण मला रास्त वाटते. मुलगी रोज सकाळी पट्टी बदलताना मोबाइलवर जखमेचे छायाचित्र काढायची आणि आदल्या दिवशीच्या छायाचित्राशेजारी ठेवून पाहायची. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून रात्री मनात शंका येतात, लाली पसरली असेल का, पू झाला असेल का. छायाचित्रात लाली टाक्यांच्या कडेपुरती आहे आणि रोज थोडी कमी होते आहे हे दिसले की मन निवांत होते. तीन दिवसांनंतर दुखणे वाढले, लाली पसरत गेली, जागा गरम लागली, पू आला किंवा ताप भरला तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा असे आमचे ठरले होते, आणि तशी वेळ आली नाही.

सहाव्या रात्रीपासून मात्र खाज सुरू झाली आणि तिने दुखण्यापेक्षा जास्त जागवले. जखम भरताना हिस्टामिन सुटते आणि नव्याने फुटणारे चेतातंतूही खाज आणतात, म्हणजे लक्षण चांगलेच, पण रात्री दोन वाजता ते समजून घेणे कठीण जाते. झोपेत उजवा हात मागे जाईल या भीतीने मी नखे मुळापर्यंत कापली. पट्टीवरून थंड पाण्याची पिशवी कोरड्या कापडात गुंडाळून दहा मिनिटे धरली की खाज बसायची आणि तेवढ्यात झोप लागायची. खाजेचा एक भाग चिकटपट्टीचाही होता. कागदी पट्टी लावली आणि ती रोज थोडी निराळ्या दिशेने लावली, तेव्हा पुरळ बसले.

चौदाव्या दिवशी टाके निघाले. आता उताणी झोपू का, असे मी विचारले तेव्हा सर्जन म्हणाले, “झोपा, पण हाताला अजून जपा.” दोन आठवड्यांच्या जखमेत मूळ त्वचेच्या बळाचा जेमतेम दहावा हिस्सा आलेला असतो, आणि तीन महिन्यांनंतरही ते ८० टक्क्यांच्या आसपासच थांबते, हे ऐकून मी छातीसमोरची उशी आणखी तीन आठवडे सोडली नाही. त्या रात्री पाठ गादीला टेकली तेव्हा जागा थोडी हुळहुळली, दुखले नाही, आणि मी सकाळी सहापर्यंत सलग झोपले.

जूनमध्ये वर्ध्याला माझ्या धाकट्या बहिणीच्या कपाळावरचा तीळ काढायचे ठरले. तिने फोन केला तेव्हा मी तिला आधीच्या संध्याकाळीच अंथरूण लावून ठेवायला सांगितले, आणि माझ्यासारखे नव्हे. कपाळाच्या जखमेची सूज रात्री खाली, पापण्यांवर उतरते, म्हणून तिला उताणे झोपून डोके आणि खांदे दोन-तीन उशांच्या उताराने उंच ठेवणे आवश्यक होते. नुसते डोके उचलले तर मान मोडते, उतार खांद्यांपासून सुरू व्हायला हवा. कुशीवर वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोळ्या लावायच्या. पायाच्या पोटरीवर टाके असते तर पाय हृदयाच्या पातळीहून उंच ठेवायला सांगितले असते. सासूबाईंनी सावरीची उशी स्वच्छ खोळ घालून माझ्या भाच्याबरोबर वर्ध्याला पाठवली. तिसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला की पापण्या थोड्या सुजल्या आहेत, पण गोळी वेळेवर घेतली होती आणि पहिल्या रात्री साडेपाच तास झोप लागली.